तोंडी दिलेला शब्द

परवा तुझा चाळिसावा झाला, शकील, तू गेल्याला चाळीस दिवस. तुझ्या बायकोने, नसरीनने मला आत, बायकांच्या खोलीत, स्वतःच्या शेजारी बसवून घेतलं. तुझ्या अम्मीने माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. येणाऱ्या प्रत्येकीला त्या सांगत होत्या, "ये राहनाळ की ताई. कंप्यूटरवाली. शकील इनसे रोज झगडता था." बायका माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. मलाही यापेक्षा बरी ओळख सुचली नसती.

रोज भांडायचो हे खरंच. तू चिपा विकणाऱ्या कंपनीचा माणूस, मी कंप्यूटर बनवणारी. तुझ्याकडे माल, माझ्याकडे गरज. अशा दोघांमध्ये भांडण नसेल तर कुणीतरी एक जण फसवला जातोय असं समजावं, हे मी तुला एकदा म्हटलं होतं आणि तू इतक्या जोरात हसलास की बाहेर टेम्पोवाला वळून बघायला लागला. तुझं सगळंच जोरात. कापडाच्या लूमच्या खडखडाटात वाढलास, घरात एकमेकांना हाका मारायच्या तर ओरडूनच. पुढे तुझ्या अब्बांनी लूम विकले, तू दापोड्याला चिपांच्या गोडाऊनमध्ये ड्युटीला लागलास, एसीच्या शांत ऑफिसात बसायला लागलास, तरी आवाज तसाच राहिला. फोनवर तुझ्याशी बोलताना मी फोन कानापासून लांब धरायची. गेल्या महिन्यात एकदा फोन वाजला आणि मी सवयीने तसाच लांब धरला. पलीकडून बँकेची कुणी मुलगी अगदी हळू काहीतरी विचारत होती. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

तुला आठवतंय का, आपली ओळख कशी झाली? आमच्या राहनाळला तेव्हा सगळ्यांच्याच शेतात गोडाऊनं उभी राहत होती. आबांनीही जमीन दिली, पण एक गाळा माझ्यासाठी ठेवला. "पोरीला काय कराचं ते करू दे," म्हणाले. मी शाळा-कॉलेजांसाठी, गोडाऊनच्या ऑफिसांसाठी कंप्यूटर जोडून द्यायला लागले. खोकं माझं, त्यावरचं नाव माझं, पण आतला जीव तुमच्याकडून यायचा. प्रोसेसर, मेमरी, सगळं परदेशात बनायचं, तुझी कंपनी ते इथे आणायची आणि कुणाला किती द्यायचं ते ठरवायची. मोठ्या कंपन्यांना आधी, आमच्यासारख्यांना उरलेलं.

तर एकदा तुमच्याकडून आलेली मेमरी खराब निघाली. मशीन चालू व्हायचं आणि मध्येच बंद पडायचं. मी फोनवर तोंडाला येईल ते बोलले. दुपारी तू मोटारसायकलवर आलास, माझ्या माणसांबरोबर टेबलाशी उभा राहिलास, मेमरीच्या चार पट्ट्या लावून बघितल्यास आणि म्हणालास, "ताई, माल खराब आहे. चूक आमची."

मी पुढच्या भांडणाची तयारी करून बसले होते. सगळी तयारी वाया गेली. माल विकणारा माणूस असं सरळ कबूल करतो हे मी पहिल्यांदाच बघत होते. आबा दारात उभे होते. म्हणाले, "जेवलास का न्हाय? बस, मासली हाय." तू बसलास. त्यानंतर तू आलास आणि आबांनी तुला जेवल्याशिवाय जाऊ दिलं असं क्वचितच झालं. आबा गेले तेव्हा खांदा द्यायला तू होतास. तुझ्या वेळी मला तसं काही करता आलं नाही. आम्ही बायका गल्लीच्या तोंडाशी उभ्या होतो आणि तुला नेताना मला फक्त माणसांच्या पाठी दिसल्या.

आपलं खरं भांडण एकच होतं, ते मिटलं नाही. तुझ्या कंपनीने तो करार आणला तेव्हापासून ते चालू झालं. करार साधा होता. आम्ही छोट्या लोकांनी प्रोसेसर आणि मेमरी फक्त तुमच्याकडूनच घ्यायची, दुसऱ्या कुणाकडून नाही. त्याच्या बदल्यात बाजारात टंचाई झाली तरी ठरलेला माल तुम्ही देणार. तू कागद घेऊन आलास तेव्हा लग्नाची पत्रिका आणल्यासारखा खूश होतास.

मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. "मला दोन ठिकाणांहून घेऊ दे. एकाने हात वर केले तर दुसरा असतो."

"ताई, दोन ठिकाणी जाणाऱ्याला टंचाईत कुणीच विचारत नाही. लिहून घ्या ना. लिहिलेलं असलं की कंपनीला पाळावं लागतं."

"मला कंपनी माहीत नाही. मला तू माहीत आहेस. तू आहेस तोपर्यंत मला माल मिळणार."

तेव्हा तू जे म्हणालास ते आता मला सारखं आठवतं. म्हणालास, "आणि मी नसलो तर? उद्या माझी बदली झाली, मी नोकरी सोडली, तर? माणसावर धंदा नका चालवू, ताई. कागदावर चालवा."

तुला बदली म्हणायची होती. मीही बदलीच समजले.

मी सही केली नाही. तू आठवडाभर घुश्शात होतास. देसल्यांनी केली. कल्याणचे देसले, ज्यांनी माझं एक कॉलेजचं काम माझ्या हातातून काढून घेतलं होतं आणि ज्यांचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही असा मी तुला दम दिला होता. त्यांच्यासारख्या आणखी बऱ्याच जणांनी केली, सगळ्यांनी तुझ्याकडे बघून केली. कागदावर सही तुझ्या साहेबांची होती, पण लोकांनी तुझा चेहरा बघितला होता.

मग ही टंचाई आली. जगात कुठेतरी एआयसाठी प्रचंड मशीनं बसायला लागली आणि मेमरीच्या चिपा बनवणाऱ्यांनी सगळा माल तिकडे वळवला. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला तो बाजार ठाऊक आहे, तरी मला अजून नवल वाटतं की दूरदेशीच्या कारखान्यात कुणीतरी काहीतरी ठरवतं आणि वज्रेश्वरीजवळच्या आश्रमशाळेत कंप्यूटर पोचत नाहीत.

त्या दिवशी तू आलास, गाडी लावलीस आणि बराच वेळ आत आला नाहीस. मी काचेतून बघत होते. मग आत येऊन बसलास आणि म्हणालास, "ताई, थोडं बोलायचं होतं." इतक्या हळू म्हणालास की मी घाबरले. वाटलं, अम्मींना काही झालं.

"कंपनीने करार बाजूला ठेवला," तू म्हणालास. "जेवढी मेमरी येईल ती सगळी मोठ्यांना. सही केलेल्यांना सांगा म्हणे, परिस्थिती बदलली."

 मी आधीच सांगितलं होतं, हे वाक्य माझ्या ओठांवर होतं, पण तुझ्याकडे बघून ते म्हणवलं नाही.

"साहेबांशी भांडलास?"

"भांडलो. ते म्हणाले, करारात एक ओळ आहे. असाधारण परिस्थितीत कंपनी बांधील नाही." तू हातातली चावी टेबलावर ठेवलीस. "ती ओळ मी वाचली होती, ताई. ती अशी वापरतील असं वाटलं नव्हतं."

मग तू सगळ्यांकडे स्वतः जाणार असल्याचं सांगितलंस. फोनवर नाही सांगणार म्हणालास. उल्हासनगर, शहापूर, वसई, एकेकाच्या दारात जाऊन सांगून आलास. एकाने तुला चहासुद्धा विचारला नाही, एकाने माणसांसमोर शिव्या दिल्या. हे मला तुझ्याकडून नाही, तुझ्या चाळिसाव्याला देसल्यांकडून कळलं.

दुसऱ्यांदा आलास तो देसल्यांचं काम घेऊन. वज्रेश्वरीच्या बाजूच्या आश्रमशाळेचं काम त्यांच्याकडे होतं. मुदत तोंडावर आलेली, मशीनं तयार, आत मेमरी नाही. माझ्याकडे दुसऱ्या पुरवठादाराकडून माल आला होता हे तुला माहीत होतं.

"देसल्यांना द्या," म्हणालास.

मी उठून उभी राहिले. "शकील, मी सही केली नाही म्हणून तू माझ्याशी बोलत नव्हतास. मी सांभाळून राहिले म्हणून माझ्याकडे आज माल आहे. तो त्या देसल्यांना देऊ? माझ्या कॉलेजचं काय?"

"त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

"मग तुझ्या कंपनीला सांग."

"कंपनी ऐकत नाही म्हणून तर तुमच्याकडे आलोय. तुम्हीच म्हणता ना, धंदा माणसावर चालतो. मग मी माणूस म्हणून मागतोय."

माझंच म्हणणं तू माझ्यापुढे ठेवलंस. मी बाहेर जाऊन आले. असेंब्लीच्या टेबलावर कॉलेजची मशीनं उघडी पडली होती. प्रत्येकात मेमरीच्या दोन पट्ट्या लावायच्या, दोन खाचा. मी बघत राहिले आणि डोक्यात आलं, एक पट्टी लावली तरी मशीन चालतं. थोडं हळू, पण शाळा-कॉलेजच्या कामाला चालतं. माझ्या मशीनांत एकेक, देसल्यांच्या मशीनांत एकेक. दोघांची कामं वेळेत. उरलेली दुसरी पट्टी माल आला की लावायची.

आत येऊन तुला सांगितलं तेव्हा तू टेबलावर थाप मारलीस. "ताई! असं म्हणा ना!" आवाज परत आला होता. त्या आवाजाने मला किती बरं वाटलं हे मी तुला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात, असं वाटलं.

कॉलेजच्या प्राचार्यांना मी खरं ते सांगितलं, ते तयार झाले. आश्रमशाळेत आपण तिघं गेलो. तू, मी आणि देसले, एका गाडीत. अंबाडीपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. मग तू रेडिओ लावलास आणि त्याच्यावर ओरडून बोलायला लागलास, तेव्हा देसले मला म्हणाले, "हा तुमच्याकडे पण असाच ओरडतो?" आणि मला हसू आलं.

शाळेच्या बाईंना तू समजावून सांगितलंस की अर्धी मेमरी आत्ता आहे, अर्धी नंतर येईल. बाई वयस्कर, तिथल्याच. मुलं सगळी पाड्यांवरची, आईबाप मजुरीला गेलेले. बाई म्हणाल्या, "नंतर म्हनतात ते लय जन. येत न्हाय कोन परत."

"मी येणार," तू म्हणालास. "माझा शब्द. मी स्वतः येऊन लावून देणार."

बाईंनी तुझं नाव विचारलं. तू सांगितलंस. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं.

येताना वज्रेश्वरीला थांबलो. तू पँट वर करून गरम कुंडाच्या कडेला पाय सोडून बसलास. किती थकला होतास, ते तेव्हा दिसलं. डोळे मिटून म्हणालास, "ताई, नवीन माल आला की पहिल्यांदा ह्या शाळेचा. साहेबांकडून मी हो म्हणवून घेतलंय. लिहून नाही दिलं, पण हो म्हणालेत." मी म्हटलं, "अरे वा, आता तूच तोंडी शब्दावर आलास?" तू डोळे न उघडता हसलास. देसले लांब उभे राहून सगळ्यांसाठी वडे बांधून घेत होते.

ती आपली शेवटची भेट असेल असं त्यात काही नव्हतं. म्हणून तर मला ती इतकी कमी आठवते. तू कुठल्या रंगाचा शर्ट घातला होतास, उतरताना काय म्हणालास, काहीच आठवत नाही. मी उतरताना फोनवर कुणाशी तरी बोलत होते, एवढंच आठवतं.

मग एका सकाळी ड्युटीला निघताना तू दारातच बसलास म्हणे. नसरीनला वाटलं, बूट घालतोयस.

तू गेल्यानंतर माल आला. मी आणि देसले तुझ्या ऑफिसात गेलो. तुझ्या खुर्चीवर नवा माणूस होता. वाईट नव्हता तो. तुझ्याबद्दल चांगलं बोलला, आम्हाला पाणी दिलं. मग कंप्यूटरमध्ये बघून म्हणाला, "आश्रमशाळेसाठी काही नोंद नाही." देसल्यांनी सांगितलं, शकीलभाईंनी शब्द दिला होता, साहेब हो म्हणाले होते. तो आत जाऊन आला. "साहेबांना तसं काही आठवत नाही," म्हणाला. "शकीलभाई असते तर गोष्ट वेगळी होती. पण आता मी कशाच्या आधारावर देऊ?"

शकील, त्या क्षणी मला तुझा राग आला. जिवंत माणसाचा येतो तसा. एक मेल लिहायला काय झालं होतं? मला इतकी वर्षं कागद कागद करून सोलून काढलंस आणि स्वतः मात्र कुंडात पाय सोडून शब्द देत बसलास. मी दापोड्याच्या त्या रस्त्यावर, कंटेनरांच्या रांगेच्या कडेला, उभी राहून रडले. तुझ्या घरी मला रडू आलं नव्हतं. देसले माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये उभे राहिले, लोकांना दिसू नये म्हणून. त्यांनी माझी समजूत घातली नाही. त्यांचेही डोळे भरले होते.

मग म्हणाले, "तुमच्या त्या दुसऱ्या पुरवठादाराकडून मेमरी मिळेल का?"

मिळाली. सगळी नाही, आश्रमशाळेपुरती. माझ्या कॉलेजची मशीनं अजून एकाच पट्टीवर आहेत, प्राचार्यांना मी पुन्हा थांबवलंय. वज्रेश्वरीच्या रस्त्याने आम्ही दोघंच गेलो, रेडिओ लावला नाही. मशीनं उघडली, दुसऱ्या खाचेत पट्ट्या बसवल्या. बाई उभ्या राहून बघत होत्या. काम झालं तेव्हा विचारलं, "ते मोठ्यानं बोलनारे न्हाय आले?"

देसल्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. बाई खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "येतो म्हनले होते." तक्रार नव्हती त्यात. मग फळ्याजवळ जाऊन उगाच डस्टर इकडचं तिकडे ठेवलं आणि मुलांना म्हणाल्या, "चला, एकेक जन बसा." मुलं बसली. स्क्रीन उजळले. तुझ्या कंपनीच्या मेमरीची एकही पट्टी त्या खोलीत नव्हती, आणि मला ती सगळी मशीनं तुझीच वाटत होती.

पण भांडण मिटलं नाही, शकील. मी रोज मनात ते पुढे चालवते. मी म्हणते, बघ, करार तुझ्या कंपनीने मोडला आणि शब्द माणसांनी पाळला, म्हणजे माझंच खरं. तू म्हणतोस, ताई, देसले आणि तुम्ही नसतात तर? शाळेला कुणी विचारलं असतं? म्हणजे माझं खरं. मी गप्प बसते. पूर्वी मी गप्प बसले की तू विषय बदलायचास, आबांनी आज काय रांधायला लावलंय विचारायचास. आता विषय बदलायला कुणी नाही, त्यामुळे मी त्याच जागी अडकून बसते.

तुझे आभार मानायचे राहिले. तू हे ऐकून हात झटकला असतास, म्हणून कधी मानले नाहीत. या धंद्यात बाई बघून लोक माझ्या भावाशी बोलायला बघायचे. तू पहिल्या दिवसापासून माझ्याशी बोललास, माझ्याशी भांडलास, मला चूक म्हणालास. त्याला मी मान समजत होते हे तुला कळत होतं का? कळत असेल. नसेल तर हे ऐक.

चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी देसले माझ्या गाळ्यावर आले. मीच बोलावलं होतं. मी वकिलांकडून कागद करून घेतला होता: यापुढे चिपांची खरेदी आम्ही दोघं एकत्र करणार, टंचाईत जे मिळेल ते वाटून घेणार. देसल्यांना आश्चर्य वाटलं. "ताई, आपलं ठरलंय ना बोलण्यातून? आणि तुम्ही तर कागदावर विश्वास न ठेवणाऱ्या."

मी म्हटलं, "माणसं जातात, देसले."

ते चष्मा लावून वाचायला लागले. शेवटचं कलम मी वकिलांना सांगून घालून घेतलं होतं. आमच्यापैकी कुणी एक नसेल, तर त्याने कुणालाही तोंडी दिलेला शब्द दुसऱ्याने पाळायचा. ते वाचून वकील हसले होते. हे कोर्टात टिकणार नाही म्हणाले. नाही टिकलं तर नाही टिकलं, तुम्ही लिहा, असं मी त्यांना सांगितलं होतं.

देसले त्या कलमापाशी पुष्कळ वेळ थांबले. मग खिशातून पेन काढून आधी त्यांनी सही केली.